नऊ नळ्या

काकू : नाही गं बाई, त्या नळ्यांचा विषय काढू नकोस. सव्वीस वर्षं झाली त्याला. मला रिटायर होऊनसुद्धा सहा झाली. आता परत कसली चौकशी?

संशोधिका : चौकशी नाही, काकू. मी चांगलं सांगायला आलेय.

काकू : आपल्या प्रयोगशाळेतून कुणी चांगलं सांगायला घरापर्यंत येतं होय? दुपारचं उन्हातून?

काका : अगं, पोरीला टेकू तर दे आधी! बस गं, ती चादर सरकव बाजूला. नळ्या म्हटलं की ही अशी अंगावरच येते. मी तर घरात तो शब्दच काढत नाही.

काकू : तुम्ही मध्ये बोलू नका.

संशोधिका : काकू, त्या दिवशी काय झालं ते मी रजिस्टरमध्ये वाचलंय. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मग मी माझं सांगते.

काकू : काय ऐकायचंय त्यात? मातीतले जंतू होते, चाळीस नळ्या. सगळे पिवळे, सगळे काडीसारखे, म्हणून मोठ्या सरांनी सगळ्यांचा मिळून एक गट ठरवला होता. मी रॅक घेऊन निघाले. धुण्याच्या खोलीपाशी फरशी ओली, पाय सटकला, आणि रॅक पडला तो नेमका विद्यार्थ्यांच्या तशाच नळ्यांच्या रॅकवर. एकही नळी फुटली नाही बघ. पण सगळ्या गडगडत एकमेकींत गेल्या.

काका : आणि दोन्हीकडे आकडे तेच!

काकू : हो ना. आम्ही नळीवर नुसता आकडा घालायचो, एक ते चाळीस. कुणाच्या नळ्या ते रॅकवर लिहिलेलं. आता रॅकच रिकामा, तर कळणार काय कपाळ?

संशोधिका : मग वेगळ्या कशा केल्यात?

काकू : बुचाच्या कापसावरून. मी कापसाला पीळ द्यायची, पोरं नुसता कोंबायची. फरशीवर बसून एकेक बूच बघितलं. तासभर गेला. मला वाटलं, जमलं. मग साखरेची परीक्षा लावली. एकतीस नळ्यांनी साखर खाल्ली आणि नऊंनी तोंडच लावलं नाही. सर म्हणाले, एका गटातले असे वागतीलच कसे? तुम्ही पोरांच्या नऊ नळ्या आपल्यात घातल्यात.

संशोधिका : आणि तुम्ही सही केलीत.

काकू : केली. ‘माझ्याकडून अदलाबदल झाली.’ काय करणार? समोर एवढा मोठा माणूस छातीठोक सांगतोय, आणि आपण म्हणायचं काय, तर कापसाचा पीळ! नंतर माझीच मला खात्री वाटेना. दुसऱ्या दिवसापासून मला बाटल्या धुवायला बसवलं. जंतूंच्या टेबलाला परत हात नाही लावला, वीस वर्षं. नव्या मुली विचारायच्या, काकू, तुम्ही पहिल्यापासून या धुण्याच्या खोलीतच? मी म्हणायची, हो.

संशोधिका : काकू, रॅक पडायच्या दोन महिने आधी तुम्ही या चाळीस जंतूंच्या अँप्यूल केल्या होत्यात. आठवतं?

काकू : न आठवायला काय झालं? जंतू वाळवायचे, काचेच्या बारक्या कुपीत घालायचे, आणि ज्योतीवर तिची मान वितळवून बंद करायची. वर्षानुवर्षं झोपून राहतात आत. मी सरांना म्हटलंही होतं, एक फोडून बघू या का. तर म्हणाले, प्रत्येकाची एकच आहे, फोडली की संपली. त्यातून त्यांना लेख पाठवायची घाई. ते नऊ आकडेच त्यांनी यादीतून काढून टाकले.

संशोधिका : मी फोडल्या.

काकू : अगं बाई! किती?

संशोधिका : चाळीसच्या चाळीस. सगळे जंतू जिवंत निघाले. मला या गटाची वर्गवारी नव्यानं करायचीय. हल्ली आम्ही रंग-आकारावर जात नाही. प्रत्येकाचा जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए वाचतो आणि एकमेकांशी ताडून बघतो. एकतीस जण एकमेकांचे सख्खे निघाले. आणि नऊ जण त्यांचे कुणीच नाहीत. त्या नऊंचा गटच निराळा.

काकू : कुठले नऊ?

संशोधिका : तीन, आठ, अकरा...

काकू : चौदा, एकोणीस, बावीस, सव्वीस, एकतीस, अडतीस.

संशोधिका : तेच. साखरेची परीक्षाही परत लावली मी. त्याच नऊंनी साखर खाल्ली नाही.

काका : थांब, थांब. मला जरा उलगडून सांग. कुप्या आधीच्या, पडापडी नंतरची. बरोबर?

संशोधिका : बरोबर, काका. म्हणजे ते नऊ पहिल्यापासूनच वेगळे होते. नळ्या पडल्या नसत्या तरी त्यांनी साखर खाल्ली नसती. काकूंनी एकही नळी चुकीची उचलली नव्हती. चूक होती ती गट पाडण्यात.

(काकू उठून माठातलं पाणी भांड्यात घेतात, आणि न पिताच भांडं ओट्यावर ठेवतात.)

काका : अगं, ऐकलंस ना?

काकू : एकही नाही?

संशोधिका : एकही नाही.

काकू : चाळीसात एकही नाही. आणि मी... जाऊ दे. देवा रे! छातीवरचं काहीतरी उतरलं बघ. हसू येतंय मला, आणि रडूही येतंय. सरांना कळलंय का हे?

संशोधिका : काल सांगितलं. त्यांनी सगळे आकडे स्वतः ताडून बघितले. मग म्हणाले, नव्या लेखात स्पष्ट लिही की जुनी चूक माझी होती. आणि ते जंतू कुणी जपून ठेवले, त्याखाली तुमचं नाव घालायला सांगितलं. तुमचा फोन नंबर मागत होते. देऊ?

काकू : आज नको. उद्या मीच करेन त्यांना. आज ते माझ्याशी बोलले तर मला उगीच दया येईल त्यांची, आणि आज मला कुणाची दया करायची नाहीये.

काका : शाब्बास! मी म्हणतच होतो, हिच्या हातून असं होणं शक्य नाही. सगळ्या नातेवाइकांत ठणकावून सांगायचो.

काकू : सांगायचात खरं.

काका : हो, सांगायचो. पण... आता खोटं कशाला बोलू? मनातून मलाही वाटायचं गं, तुझ्याकडूनच झालं असेल.

काकू : माहीत होतं मला.

काका : कधीपासून?

काकू : पहिल्या दिवसापासून. तुम्ही फार जोरात सांगायचात ना. रागावले नाही मी. मलाही तसंच वाटत होतं की. या, इथे माझ्याशेजारी बसा. पोरी, आता परत सांग, पहिल्यापासून. आणि सावकाश सांग.