बोनाच्चा जहाजावरच्या वाइन कोठाराची आग

पुरवणी जबाब

मी, इवाना दान्यिनो, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी, 'बोनाच्चा' या प्रवासी जहाजावर वाइनची मुख्य जाणकार, रा. कामोल्यी, जिल्हा जेनोवा. आज ता. ९ ऑक्टोबर रोजी बंदर पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगते की, माझा परवाचा जबाब चुकीचा आहे. त्यातलं नाव-गाव तेवढं खरं.

जेवणातल्या कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन द्यायची, हे मी ठरवते. जहाजावर रिवाज असा, की रोज जेवणाआधी मी कोठारात उभी राहून वास घेते आणि वहीत 'ठीक' लिहून सही करते. बूच सडलं, बाटली गळली, तर वासावरून कळतं. माझ्या सहीनंतर कोणी पुन्हा बघत नाही.

ता. ६ रोजी संध्याकाळी साडेसहाला कोठार सांभाळणारा तुल्लिओ रवेरा मला म्हणाला, "बाई, वायर जळल्यासारखा वास येतोय." मी म्हणाले, "तुझ्या नाकाला कोणी विचारलंय? तू पेट्या उचल." वाढणाऱ्या दोघी मुली हसल्या. सहा चाळीसला मी 'ठीक' लिहिलं. तुल्लिओ भिंती चाचपत आतच राहिला.

आठला जेवण सुरू झालं. अँचोवी मासळीबरोबर पांढरी वाइन दिली, नंतर सशाच्या मटणाबरोबर लाल. पाच नंबरच्या टेबलावरच्या सिन्योरा बेर्तोलोत्तो, वय ऐंशीच्या पुढे, म्हणाल्या, "इवाना, या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय गं." मी पेला नाकाशी धरला आणि सांगितलं, "सिन्योरा, ही दगडाळ उतारावरची द्राक्षं, त्यांचा स्वभावच तसा. घटकाभर दम धरा." सगळ्या टेबलाने माना डोलावल्या. एकाने आणखी मागून घेतली. सिन्योरा म्हणाल्या, "मग माझंच नाक म्हातारं झालं म्हणायचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी पुढच्या टेबलाकडे गेले.

आठ पन्नासला कोठार पेटलं. तुल्लिओचे दोन्ही हात भाजले. परवा मी जबाबात सांगितलं, की सहा चाळीसला जळल्याचा वास नव्हता. म्हणजे आग त्यानंतरची, आणि नंतर आत तुल्लिओ एकटाच. त्याने चोरून विजेची शेगडी लावली असं धरून तुम्ही त्याला अटक केली.

खरं असं, की गेल्या नोव्हेंबरात ताप येऊन गेला तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. वाइनचा नाही, कॉफीचा नाही, जळल्याचाही नाही. कोणाला बोलले नाही. तीस वर्षं या नाकावर पोट भरलं, कोणत्या तोंडाने सांगणार होते? लाज वाटली, दुसरं कारण नाही.

हे आणखी कोणाला ठाऊक होतं, असं विचारल्यावरून सांगते की, तुल्लिओला. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही. मार्चपासून तो रोज माझ्याआधी बाटल्या उघडून हुंगायचा, बिघडलेल्या मागे सरकवायचा आणि चांगल्या माझ्या हाताशी मांडायचा. मीही मुकाट्याने त्यातल्याच उचलायची. ६ तारखेला तो जळकी वायर शोधत राहिला, म्हणून बाटल्या हुंगायच्या राहिल्या आणि सडक्या बुचाची ती बाटली पाच नंबरला गेली.

त्याला तुम्ही चार तास विचारत होता असं कळलं. "तिला वास येत नाही" एवढं तो बोलला असता, तर त्याच दिवशी घरी गेला असता. तो बोलला नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच उतरला आहे. एक शब्दही कमी करायचा नाही.