चहा एकदाच विचारते

—नाही हो काकू, बूट तिथेच राहू द्या दाराशी, खालची घरमालकीण पावलं मोजते. या, पलंगावरच बसा, खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर कपडे वाळत घातलेत. चहा? नको? बरं. अशा बघता काय? नको म्हणालात ना, मग नको. इथे असंच असतं, चहा एकदाच विचारते मी. तुम्हा लोकांच्या त्या आग्रहाने लहानपणापासून डोकं उठायचं माझं—घ्या घ्या, नको नको, अहो अर्धा कप, बरं आता तुम्ही म्हणताच आहात तर—एका कपासाठी पाऊण तास! आणि आई? तुमच्या दारात उभं राहून, ‘आत्ताच जेवून आलो’. खोटं! माझ्या पोटात कावळे ओरडतायत, आणि मी एकदा म्हटलंसुद्धा, ‘नाही काकू, आम्ही नाही जेवलो’—आठवतंय? तुम्ही हसलात, पानं वाढलीत. घरी गेल्यावर मला मांडीला असा चिमटा बसला की विचारू नका. खरं बोलल्याबद्दल.

हे सगळं आईने दिलं? डबा—अगं बाई, नाव कोरून घेतलंय, आणि तेही बाबांचं! डबा माझा, नाव बाबांचं, चोरणार कोण तर इथले लोक. आणि स्वेटर. दोन मापं मोठा. वाढत्या अंगाचा असेल—सव्विसाव्या वर्षी मी कुठे वाढणार आहे, काकू? बायका आहात की वेड्या, तुम्ही दोघी, एवढं ओझं विमानातून वाहून आणायचं. लेकाकडे आलात तर आराम करा ना.

खोली लहान आहे, मला माहितेय, तुम्ही तोंड फिरवू नका. खिडकी चार बोटंच उघडते. मोरी जिन्याखाली, चौघींत एक. फ्रिजमधल्या दुधावर पेनाने रेघ मारून ठेवायची, म्हणजे कुणी प्यायलं तर कळतं—मी सुद्धा मारते. पहिल्या महिन्यात नव्हते मारत. लाज वाटायची.

काम छान आहे. कामाचं नाव काढू नका, काम सोन्यासारखं आहे. दात करते मी, काकू, माणसांचे दात. डॉक्टर साचा पाठवतो, आम्ही चिनी मातीचे थर चढवून भट्टीत भाजतो. आणि पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो, सोळा रंग आहेत—हिरडीपाशी पिवळट, मधे राखी, कडेला काचेसारखा. शेजारच्या दाताशी असा जुळला पाहिजे की नवऱ्यालाही ओळखू येऊ नये. ते जुळवायला अख्ख्या खोलीत माझ्यासारखा डोळा कुणाचा नाही, हे मी नाही म्हणत, तिथले म्हणतात. दाखवायचे दात माझे, खायचे त्यांचे त्यांनी बघावेत.

काय? काय म्हणाली आई? कायम झाले? सगळ्या जिन्याला सांगितलं? वरच्या मास्तरांना पण?

झाले ना. म्हणजे—होणारच आहे. म्हणजे मला विचारलं होतं त्यांनी. विचारलं की झालंच ना, म्हणून मी आईला फोनवर… तुम्ही उगाच रोखून बघू नका हो!

तीन आठवडे झाले. आमच्या मुख्य बाई, त्यांना मी सांडशी म्हणते, तोंडावरसुद्धा म्हणते, कुणाला कळतंय—तर सांडशी आली बाकापाशी, हातात यादी. म्हणाली, तुझे सहा महिने संपतायत, तुला इथे कायम राहायचंय का? काकू, सहा महिने मी ह्या एका प्रश्नाची वाट बघत होते. जेवणाच्या सुट्टीतही भट्टी सोडली नाही. आणि मी काय म्हणाले? ‘छे छे, माझं काय, आधी बाकीच्यांचं बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं.’ हसून, मान खाली घालून. आई हसते ना, डिट्टो तशी. आणि उभी राहिले. ती आता दुसऱ्यांदा विचारेल म्हणून! तिने मान डोलावली, माझ्या नावावर काट मारली आणि पुढच्या बाकावर गेली. तिथला टकलू काय म्हणाला माहितेय? ‘हो.’ एक अक्षर. हातातला दातसुद्धा खाली ठेवला नाही मेल्याने. झाला कायम. त्याचे दात दुरुस्तीला माझ्याकडे येतात!

हसू नका. तुमच्यामुळे झालंय हे. हो, तुमच्या, आईच्या, तुम्हा सगळ्यांच्या. आयुष्यभर नको नको म्हणत हात पुढे करायचा आणि समोरच्याने ओळखावं. मी तर तुमच्यातली नव्हते ना? चिमटा कुणी खाल्ला होता? मग ते माझ्या तोंडात कुठून आलं?

जाऊन सांग म्हणे! सोपं आहे की. यादी आज पाचला वर जाणार. त्यात नाव नसलं की कायम केल्याचं पत्र नाही, पत्र नसलं की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा—खोली, काम, सगळं. गेले होते मी. सोमवारी सांडशीच्या दारावर टकटक केली, ती म्हणाली ‘काय?’, तर मी म्हणाले खिडकी बंद आहे का बघायला आले. बुधवारी परत गेले, तेव्हा दारातूनच फिरले. ‘मला पाहिजे.’ एवढंच म्हणायचंय. आरशासमोर घडाघडा येतं, तिथे जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही आईला कधी ‘मला पाहिजे’ म्हणताना ऐकलंय? मी नाही. फोनवर विचारते काय तर, ‘तिकडे थंडी आहे का गं?’ आठवण येते म्हणणार नाही, मेली स्वेटर विणणार. दोन मापं मोठा.

आज सुट्टी घेतली ती तुम्ही येणार म्हणून—नाही, खोटं. तुम्ही उद्या येते म्हणाला होतात. मीच म्हटलं, आजच या. म्हणजे घरी थांबायला कारण.

आईला सांगू नका. शपथ आहे तुम्हाला. किंवा… सांगा. तुम्हीच सांगा, मला फोनवर तिचा आवाज ऐकवणार नाही. नको, नका सांगू. किती वाजले? चार वीस. बसला पंचवीस मिनिटं लागतात.

काय? तुम्ही येता? तिथे? माझ्याबरोबर? आणि काय करणार जाऊन, इथलं एक अक्षर बोलता येत नाही तुम्हाला, नुसत्या दारात उभ्या राहणार? नको हो काकू. तुमचे गुडघे, ते जिने, उगाच तुम्हाला त्रास. माझं मी बघते. खरंच नको.

…बूट कशाला घालताय? घरी निघालात?

नाही, मी नको म्हणाले, पण—हो. बरोबर आहे. मीच म्हणाले. नको म्हणजे नको, पाऊण तासात शिकलात की तुम्ही, मला सहा महिने—

थांबा, चहा टाकते. अर्धा कप. नको कसं, घ्या ना. अहो घ्या हो काकू, पाणी तापायला दोन मिनिटं लागतात, घोटभर तरी…

बरं.

जपून उतरा, चौथी पायरी सैल आहे. आणि दार नुसतं ओढून घ्या, आपोआप लागतं.