बटणांच्या जमान्यातला अंगठा

दुरुस्तीला दिलेला रेडिओ घ्यायला मी दुकानात रांगेत उभी होते. त्याला दोनच कान, पिळले की गातो. माझ्यापुढे काळा चष्मा लावलेले आजोबा आणि त्यांची बायको.

"टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, स्पीकर, सगळ्यांना मिळून एकच रिमोट द्या. यांना दिसत नाही."

"काकू, हा घ्या. टच स्क्रीन."

"अहो, धरून बघा."

"ही तर पाटी आहे. बटणं कुठायत?"

"काका, बटणांचा जमाना गेला."

"माझा अंगठा त्याच जमान्यातला आहे."

"घरचे रिमोट यांना हाताला ओळखू यावेत म्हणून मी रबरबँड गुंडाळते, नातवंडं काढून टाकतात. मग साध्या गाण्यासाठीही मला हाका."

"मग हा जुना बटणांचा बघा, हाही सगळ्यांना चालतो. आमच्या टीव्हीला जोडलेलाच आहे."

"थांबा, सांगू नका. मधल्या बटणावर उंचवटा. त्याच्या वर आवाज. आणि कोपऱ्यातलं हे…"

भिंतीवरचा टीव्ही बंद झाला. रांगेतले सगळे वळून बघू लागले.

"अगं, कोण गप्प झालं?"

"अख्खं दुकान."

"हाच बांधून द्या."

"सुटले बाई. आता हाका बंद."

"हाका मारणारच. आधी गाणं लावीन, मग ऐकायला ये म्हणून."