वास आणि पुदिना

मोरोक्कोतल्या फेज शहरात, नगरपालिकेतल्या रांगेत माझ्यापुढे कातडी कमावणारा ताहामी होता. त्याच्यापुढे पुदिना विकणाऱ्या बतूलबाई.

"कातड्याचे हौद गावाबाहेर नेतायत, बतूलबाई. सरकार म्हणतं, वास गेला की परदेशी पाहुणे माराकेश शहर सोडून इकडे येतील."

"माराकेशला ते विमानानं उतरतात. मग विमानं मागा ना."

"विमानं राजधानीतून मिळतात. वास इथल्या इथं घालवता येतो."

"अरे, लोक गच्चीवरून हौदच बघतात, नाकाशी माझा पुदिना धरून. हौद गेल्यावर काय बघतील?"

"हौदांचे फोटो लावणारेत."

"फोटोला पुदिना कोण घेईल? बरं, तू कशाला आलास?"

"गावाबाहेरच्या जागेचा अर्ज द्यायला. तुम्ही?"

"पुदिन्याची हातगाडी मोठी करायच्या परवान्याला. तू हो पुढे. तुझा अर्ज घेतला, तर माझा मी घरी नेते."