डोळा फुटला

डॉ. चारुलता : तोंडावरचा पदर काढ जयवंता, अन् खिडकीकडे तोंड कर. असं. आता हलू नकोस.

जयवंता : मी नाही हालून राहिली, बाई. तुम्हीच घाबरून राहिल्या.

डॉ. चारुलता : घाबरेन नाही तर काय? मागच्या खेपेला कानाचं कोवळं हाड काढून नाकात बसवलं, ते सहा महिन्यांत विरघळलं. नाक पुन्हा खाली बसलं. माझ्याच हातचं काम होतं ते.

देवाजी : पाण्याच्या इंजिनचं हँडल उसळून नाकावर बसलं, त्याले चार वर्षं झाली. तवापासून माह्या पोरीनं तोंडावरचा पदर काढला नाही. अन् खुंटावर संत्र्याचे डोळे भराले, कलमं बांधाले नरखेडात हिच्यासारखा हात नाही, बाई! हजार कलमांतले नऊशे लागतेत.

जयवंता : साडेनऊशे, बा.

डॉ. चारुलता : तरीच नाक बसलं तेव्हा तू मला विचारलं होतंस, 'सांधा कशानं धरला?'

जयवंता : इचारीन नाही त काय! खुंटात डोळा नुसता खोचला त वाळून जाते. आतून रसानं धरावं लागते. तुम्ही नुसते टाके मारले होते.

डॉ. चारुलता : आठ दिवस राग होता मला तुझा. मग डॉक्टरकीची मासिकं चाळली. या खेपेला तुझंच रक्त काढलं, यंत्रात फिरवलं, त्यातला चिकट थर वेगळा केला. त्यात प्लेटलेट म्हणून बारीक कण असतात, जखम भरायला तेच आधी धावतात. बरगडीचं कोवळं हाड त्यात घोळवून बसवलं. आमचे थोरले सर्जन म्हणाले, चारुलताबाई नाकाला खळ लावतायत!

जयवंता : हासू द्या. बाईच्या हातचं कलम लागत नाही म्हनून आमच्याकडचेबी हासत होते. आता तेच मले बलवाले येतेत.

डॉ. चारुलता : दहा महिने झाले. तुला स्वतःला काय वाटतं?

जयवंता : मी पाह्यलंच नाही. भरलेल्या डोळ्याची पट्टी घडीघडी सोडून पाहाची नसते. आरसा पेटीत ठेवला होता.

देवाजी : पन बाई, तुम्ही हे काय करून राहिल्या?

डॉ. चारुलता : दाबून बघतेय, देवाजी. घट्ट आहे. कुठेच बसलेलं नाही. जयवंता, हा घे आरसा.

जयवंता : बा! फुटला! डोळा फुटला गा, बा!

डॉ. चारुलता : अगं बाई! कुठला डोळा? बघू, इकडे बघ!

देवाजी : घाबरू नका, बाई. भरलेल्या डोळ्यातून कोंब निघाला का आम्ही 'फुटला' म्हनतो.

डॉ. चारुलता : जीव गेला होता माझा! म्हणजे लागलं?

जयवंता : लागलं. बाई, तुमच्या थोरल्या सर्जनले माहं नाक दाखवा. अन् हंगामात नरखेडले या, माह्या शेजारी बसून डोळे भरा. असा मान मी कोनालेच देत नाही.

डॉ. चारुलता : येईन. नक्की येईन.

देवाजी : चाल वं जयवंते, एस.टी. सुटन. पदर घे तोंडावर, बाहेर ऊन आहे.

जयवंता : लागू दे ऊन, बा.