वास्तुशांतीआधी आलेले पाहुणे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय यशवंतराव, प्रमुख पाहुणे आणि आपल्या कॉलनीचे सेक्रेटरी श्रीयुत मधुसूदनराव आपटे, माझ्या शेजारी मान खाली घालून बसलेल्या सत्कारमूर्ती कुसुमताई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पकडून बसलेल्या माझ्या आकुर्डीकर बंधू-भगिनींनो,

मी पद्मजा, कंपनीच्या दवाखान्यातली नर्स. माझं काम पट्टी बांधायचं, भाषणं करायचं नव्हे. पण 'ताईंबद्दल दोन शब्द बोलाच' असा आग्रह झाला. बोलते. दोनावर जातील, ते आधीच सांगून ठेवते.

मधुसूदनराव आत्ता फार सुंदर बोलले. ताईंनी पत्र्याच्या शेडमध्ये बालवाडी कशी काढली, कॉलनीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून कशी गेली, मग जन्माची पुंजी घालून त्यांनी घर कसं बांधलं, पुढचा दिवाणखाना बालवाडीला आणि मागच्या दोन खोल्या स्वतःला. सगळं खरं. शेवटी म्हणाले, 'प्रकृतीच्या कारणास्तव ताई वाईला भाच्याकडे चालल्या आहेत.' प्रकृतीच्या कारणास्तव? अहो, त्यांचं ब्लडप्रेशर मी तपासते! माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत त्या. ताई चालल्यात त्या मेल्या पिक्चरपायी, आणि हे या हॉलमध्ये प्रत्येकाला ठाऊक आहे.

पिक्चरचं नाव मी घेणार नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, काहींनी दोनदा.

घर बांधून झालं होतं, फक्त वास्तुशांत राहिली होती. गुरुजींनी मुहूर्त पुढचा दिला होता. तेवढ्यात आपले अध्यक्षमहाराज मुंबईच्या एका निर्मात्याला घेऊन ताईंच्या दारात उभे. मी तिथेच होते, शब्द न् शब्द ऐकलाय. 'ताई, देवाधर्माचा पिक्चर हाय. त्यास्नी नवं घर पायजे. आठ-धा दिसांचा तर सवाल हाय. पूजा व्हतील, आरत्या व्हतील, घर आपसूक पवित्र हुईल.' ताई भोळ्या. त्यांना वाटलं, देवाचंच काम आहे, आपल्या वास्तूत पहिली पूजा फुकट घडतेय, कशाला नाही म्हणा?

काय म्हणता यशवंतराव? 'त्यो गंध लावून आला व्हता'? अहो, गंध तर पिक्चरमधल्या मांत्रिकानंही लावलं होतं! वीतभर!

पूजा झाली खरी. एकच झाली. जटा लावलेल्या त्या बुवानं दिवाणखान्यात लिंबं कापली आणि कवटीला ओवाळलं. मग अंगणातल्या तुळशीवृंदावनातून हात वर आला, कोपरापर्यंत रक्तानं माखलेला. ताईंच्या तुळशीतून! लाज नाही वाटली मेल्यांना? आणि रक्त तरी कसलं? कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर बोटं गेलेली माणसं माझ्याकडे येतात, रक्त मला कुणी दाखवायला नको. यांच्या रक्ताला काकवीचा वास. काकवीत रंगपंचमीचा रंग कालवलेला. बादल्याच्या बादल्या भिंतींवर फेकल्या आणि न पुसता गाशा गुंडाळून पसार झाले. नुसते मुंगळे लागले घराला. ताईंनी एकटीनं भिंती घासल्या, चुना दिला, रीतसर वास्तुशांत केली. तुम्ही सगळे जेवायला होतात. जिलबी दोनदा वाढून घेतलीत, मी पाहिलंय.

पुढे पावसाळ्यात भिंतींना ओल आली आणि चुन्याखालचा रंग वर आला. येणारच. कच्चा रंग तो, दुसरं काय होणार? पण नेमका तेव्हाच चिंचवडला पिक्चर लागला. रविवारी मॅटिनीला अख्खी कॉलनी तिथे. 'अगं बाई, हे तर आपल्या ताईंचं घर!' म्हणून आधी टाळ्या वाजवल्यात. आणि घरी येऊन काय म्हणालात? वास्तुशांतीआधीच भुतांनी गृहप्रवेश केलाय, आता शांत करून काय उपयोग?

झालं. बालवाडीतलं एकेक मूल गळायला लागलं. कुणाला ताप येतो, कुणाची आजी नको म्हणते. बसचा कंडक्टर 'भूतबंगला, चला उतरा' म्हणायला लागला. संक्रांतीला ताईंनी हळदीकुंकू केलं, तेव्हा तिथे मी एकटी होते. तबकात ढीगभर वाण आणि समोर रिकाम्या सतरंज्या. ताई हसून म्हणाल्या, 'पद्मजा, तूच दोन घेऊन जा.' त्या दिवशी मला जो संताप आला, तो आजतागायत उतरलेला नाही.

मधुसूदनराव मला म्हणाले, 'मी सायन्सचा माणूस, माझा काडीचा विश्वास नाही, पण घरातून ऐकत नाहीत.' वहिनी म्हणाल्या, 'मला काही नाही हो, हेच नको म्हणतात.' आता तुम्हा दोघांत भूत नक्की कुणाला दिसलं, ते एकदा घरी बसून ठरवा.

मला एक सांगा. प्रेसवर माणसाचा पंजा जातो. खरं रक्त सांडतं, काकवी नव्हे. तुम्ही काय करता? मशीन धुता, नारळ फोडता आणि पुढच्या शिफ्टला त्याच मशीनवर उभे राहता. तिथे भूत दिसत नाही? ओव्हरटाइम लागला की भुतं पळतात काय? खऱ्या रक्ताला एक नारळ पुरतो, आणि एका बाईच्या घरावर उडालेल्या रंगाला तिची अख्खी हयात पुरत नाही. वा रे न्याय!

घर विकून द्यायचं यशवंतरावांनी अंगावर घेतलंय, म्हणून ताईंनी आज सकाळी किल्ली माझ्या हातात दिली, 'यशवंतरावांना पोचव' म्हणाल्या. ती मी पोचवलेली नाही.

माझी सुमेधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. मुलगी झाली. आज बारसं. सुमेधा ताईंच्या शेडमधलीच विद्यार्थिनी, तिनं हट्ट धरला की बारसं ताईंच्याच घरी. मला धास्ती विहीणबाईंची. दिघीच्या केसरबाई, जुन्या वळणाच्या. तर त्या म्हणाल्या, 'अवो, लेकरू एकदा रडाय लागलं की भूत कशाला, आमचं मालकबी घरात थांबत न्हाईत.'

त्या दिवाणखान्यात छताला एक कडी आहे. पिक्चरमध्ये तिला बाई लटकत होती, आठवतंय ना? दुपारी मी त्या कडीला पाळणा बांधला. मी इथे बोलतेय आणि माझी नात तिथे झोपलीय. सोबत तिची आई आणि केसरबाई. तिला आत्या नाही. तेव्हा कुसुमताई, कानात कुर्र तुम्ही करायचं आणि नावही तुम्हीच ठेवायचं. मग वाईला जायचं की नाही, ते तिच्याकडे बघून ठरवा.

माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. न विचारता कुलूप उघडलं, त्याबद्दल ताईंची हात जोडून क्षमा मागते. अध्यक्षांना अधिक-उणं बोलले असेन, तर त्याची क्षमा मागावी असं काही मला आठवत नाही.

शेवटची सूचना. कार्यक्रमानंतरचा चहा आणि घुगऱ्या या हॉलमध्ये नाहीत. त्या ताईंच्या घरी ठेवल्यात. ज्यांना यायचंय त्यांनी आपापली मुलं घेऊन यावं.

ही घ्या किल्ली, ताई. पुढे तुम्ही व्हा, घर तुमचं आहे.