तीच मोटार

मुलाच्या लग्नात मोटार मिळणार म्हणून हुरळून रतिलाल पाटलांची धाकटी लेक पाहायला प्रमिलाबाई निघाल्या होत्या. पासष्टचा उन्हाळा, शहाद्याचा एसटी स्टँड. रांगेत मागे दोघे बोलत होते.

"रतिलालभाऊ, सरकार काढणार शे ती न्हानी मोटार उनी का?"

"येई ऱ्हायनी, दोधू. दिल्लीमा आखो एक कमिटी बसनी."

"शे तरी कशी?"

"मांगून दार उघडस."

"मन्ही बैलगाडीबी मांगूनच उघडस! तिले कमिटी नही लागनी. मोठीना लगीनमा जवाईले कबूल करेल तीच ना?"

"तीच."

"त्याना पोऱ्या आते पाटी-दप्तर लिसन शायमा जास!"

"धीर धरना पडस."

"मंग धाकलीना लगीनमा काय दिशी?"

"तीच मोटार."

प्रमिलाबाई रांगेतून बाहेर पडल्या आणि परतीच्या एसटीत जाऊन बसल्या.